जुन्या मशीनला हात लावण्याआधी

शहादा,
दत्तजयंतीचा आठवडा

चि. सोनूस,

दिवाळीत तू दुकानातली चारही मशिनं चालू करून पाहिलीस आणि म्हणालीस, "आबा, यातलं निम्मं सामान मी उडवते, मग बघा कशी पळतात." मी तेव्हा हो-नाही काहीच बोललो नाही. सातबाऱ्याच्या प्रिंटसाठी सहा माणसं उभी होती आणि त्यातल्या एकाला बस गाठायची होती. आता संक्रांतीनंतर दुकान तुझ्याकडे जाणार, म्हणून तेव्हा राहून गेलेलं बोलणं लिहून देतो. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो आबा, हो आबा" म्हणतेस आणि हात माउसवर असतो. ती टकटक मला ऐकू येते.

सॉफ्टवेअर काढायला माझी ना नाही. उलट काढायचं तर मुळासकट काढावं, अर्धवट काढलेलं जास्त छळतं. फक्त काढण्याआधी त्यात कुणाचं काय अडकलंय ते बघायचं. या एका गोष्टीपायी मी दोनदा तोंडघशी पडलोय, तुला निदान एकदा तरी वाचवावं म्हणून हे पत्र.

आपल्याकडे पहिलं मशीन १९९८ला आलं. त्याच साली १ जुलैला धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला आणि टायपिंग क्लासच्या कोपऱ्यात सुरू केलेल्या माझ्या धंद्याला आपोआप मुहूर्त लागला. शाळा, सोसायट्या, पतपेढ्या, वकील, दवाखाने, सगळ्यांना 'जि. धुळे' काढून 'जि. नंदुरबार' घालायचं होतं. लेटरहेड, पावतीपुस्तकं, बिलबुकं, बाकी काही सुचूच दिलं नाही लोकांनी. आणि तरी पुढे कितीतरी वर्षं 'जि. धुळे' भेटत राहिलं. कुणाच्या रबरी शिक्क्यात, कुणाच्या पाटीच्या खालच्या ओळीत. नव्या गाड्यांना एमएच ३९ मिळायला लागलं तरी एमएच १८च्या जुन्या गाड्या बसस्टँडसमोरून जातच होत्या. सरकारी कागदावर एका दिवसात झालेलं काम गावातून निघायला काही वर्षं लागली. सॉफ्टवेअरचंही तसंच असतं. ते एका जागी राहतच नाही.

पहिला गाढवपणा सांगतो. विंडोज ९५पासून कंट्रोल पॅनेलमध्ये 'ॲड/रिमूव्ह प्रोग्रॅम्स' नावाची सोय आली. त्याआधी लोक सरळ फोल्डर उडवायचे. माझ्याकडे विंडोज ९८ होतं. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरचा कुठलासा गेम पोरांनी टाकून ठेवला होता, तो काढायला बसलो. मध्येच एक चौकट आली: ही फाइल सामाईक आहे, आता कुणी वापरत नाहीसं दिसतं, पण वापरत असेल तर तो प्रोग्रॅम बंद पडेल, काढू का? खाली बटणं: येस, येस टु ऑल, नो. मी म्हटलं, कशाला दहा वेळा विचारतोस बाबा, आणि 'येस टु ऑल' दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डीटीपीचा प्रोग्रॅम उघडेना. अमुक एक डीएलएल सापडत नाही म्हणे. लगीनसराई ऐन भरात, तीन पत्रिकांचं प्रूफ द्यायचं होतं. दोन रात्री सगळं पुन्हा टाकण्यात गेल्या आणि एका यजमानाने पत्रिका दुसरीकडून छापून घेतली.

वाटणी झालेल्या दोन भावांची विहीर सामाईक असते ना, तशा या फाइली. एक भाऊ गाव सोडून गेला म्हणून विहीर कुणी बुजवत नाही. आज तुला यादीत 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' अशा सात-आठ ओळी दिसतील, २००५, २००८, २०१० असे आकडे लावलेल्या. एकाच गोष्टीच्या एवढ्या प्रती कशाला असं वाटून तुझा हात शिवशिवेल. त्यांना हात लावू नकोस. त्या विहिरी आहेत.

आता मूळ मुद्दा, पूर्ण काढायचं कसं.

खत-बियाण्यांच्या दुकानातले आपले एक गिऱ्हाईक आहेत, ते डेस्कटॉपवरचा आयकॉन कचऱ्याच्या डब्यात टाकतात आणि मला सांगतात, "काढलं बरं का ते." आयकॉन म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून भाडेकरू जात नाही. तू तसं करणार नाहीस, पण काउंटरवर बसलीस की रोज एकाला तरी हे समजवावं लागेल.

आधी तो प्रोग्रॅम बंद कर. घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हांत तो लपून चालू नाही ना, तेही बघ. मग सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून काढ. जुनी सॉफ्टवेअर तिथे कधी नीट दिसत नाहीत, तेव्हा विंडोजची कळ आणि आर दाबून 'ॲपविझ डॉट सीपीएल' लिही, जुनीच खिडकी उघडते; मला तीच आवडते. काढून झालं की मशीन रीस्टार्ट कर. हे पुष्कळ जण टाळतात. ज्या फाइली त्या वेळी वापरात असतात त्या जागच्या हलत नाहीत, पुढच्या वेळी मशीन सुरू होताना पुसल्या जातात. रीस्टार्ट न करता "अजून फोल्डर दिसतंय" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

त्यानंतर उरलंसुरलं. 'प्रोग्रॅम फाइल्स' नावाची फोल्डरं बहुतेक मशिनांवर दोन असतात, एकाच्या शेवटी कंसात एक्स ८६ लिहिलेलं. दोन्ही बघ. मग 'प्रोग्रॅमडेटा' आणि 'ॲपडेटा'. ही दोन्ही लपवलेली असतात, व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर खूण केल्याशिवाय दिसत नाहीत. ॲपडेटाच्या पोटात लोकल, लोकललो आणि रोमिंग असे तीन कप्पे आहेत आणि प्रत्येक प्रोग्रॅम कुठे काय ठेवेल त्याचा नेम नाही. पुष्कळदा कंपनी मुद्दामच तुझ्या सेटिंग मागे ठेवते, तू परत आलीस तर घर लावलेलं असावं म्हणून. वाईट हेतू नसतो, पण जागा अडते. टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप, सर्व्हिसेसची यादी आणि टास्क शेड्युलर यांवरही एकदा नजर फिरव. प्रोग्रॅम गेला तरी त्याचा अपडेट तपासणारा नोकर मागे राहतो आणि रोज ठरल्या वेळी उठून मालकाला शोधत बसतो. तो सापडला की बंद कर.

राहिली रजिस्ट्री. ती विंडोजची खातेवही. कुठला प्रोग्रॅम कुठे, कोणती फाइल कोण उघडणार, सगळ्याच्या नोंदी तिथे. तिथे जायच्या आधी रीस्टोर पॉइंट कर, जी नोंद काढायची तिची एक्सपोर्ट करून प्रत ठेव, आणि कंपनीचं किंवा प्रोग्रॅमचं नाव अगदी तंतोतंत दिसलं तरच काढ. शंका आली की खिडकी बंद. खरं सांगू का, चार जुन्या नोंदी राहिल्या म्हणून मशीन संथ होत नाही. रजिस्ट्री झाडणारी जी फुकटची सॉफ्टवेअर मिळतात त्यांची शिफारस खुद्द मायक्रोसॉफ्टही करत नाही. २०१७ साली सीसीक्लीनरच्या कंपनीच्याच अधिकृत प्रतीत कुणीतरी हल्लेखोर प्रोग्रॅम घुसवला होता आणि ती प्रत जवळपास २२ लाख मशिनांवर गेली होती. झाडू मारायला बोलावलेल्यानेच साप आणला. आपली मशिनं संथ आहेत ती जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. सॉफ्टवेअर उडवण्यापेक्षा कोपऱ्यातलं सोडून बाकी तिन्हींना एसएसडी टाक, पैसे मी देतो.

अँटिव्हायरसचं प्रकरण वेगळं. त्याला मशीनच्या अगदी मुळाशी बसावं लागतं, म्हणून तो सहज निघत नाही. एकदा मुदत संपलेला अँटिव्हायरस नीट न काढता मी त्यावर दुसरा बसवला. म्हटलं, दोन पहारेकरी असले तर चांगलंच की. दोघे एकमेकांनाच चोर समजून भांडत राहिले आणि इंटरनेट बंद. त्यांच्यासाठी बहुतेक कंपन्या स्वतःचं वेगळं काढणारं साधन देतात, तेच वापरावं. आपल्या पुण्याच्या क्विक हीलमध्ये काढताना सरळ विचारतात: लायसन्स आणि अपडेट जपून ठेवून काढू, की पूर्ण काढू? त्याच मशीनवर पुन्हा टाकायचं असेल तर पहिला पर्याय, कायमचा निरोप द्यायचा असेल तर दुसरा. असा प्रश्न सगळ्यांनीच विचारला असता तर हे पत्र निम्म्यात संपलं असतं. क्विक हीलवाले कैलाश काटकर मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळले आणि धाकट्या भावाने, संजयने, अँटिव्हायरस लिहिला. दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला गिऱ्हाईक कुठे अडतं ते ठाऊक असतं, असं मला आपलं उगीच वाटतं.

काही सॉफ्टवेअर तर निघायचंच नाही असं ठरवून येतात. २००५ साली सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीड्यांमधून एक प्रोग्रॅम लोकांच्या मशीनवर गुपचूप बसत होता आणि स्वतःला विंडोजपासूनही लपवत होता. मार्क रुसिनोविच नावाच्या तज्ज्ञाने तो उघडा पाडला. मग कंपनीने तो काढायचं साधन दिलं, तर त्या साधनानेच मशीनला नवं भोक पाडलं. शेवटी सीड्या परत घ्याव्या लागल्या. गाणं ऐकायला म्हणून सीडी घातली होती बिचाऱ्यांनी.

टॅली असलेलं मशीन कुणी आणलं तर घाई करू नकोस. नव्या मशीनवर न्यायचं असेल तर जुन्यावर आधी लायसन्स सरेंडर करावं लागतं, आणि डेटाचं फोल्डर वेगळं असतं. प्रोग्रॅम काढला म्हणून डेटा जात नाही, पण उरलेलं फोल्डर कचरा समजून 'साफसफाई'त उडवणारे मी पाहिलेत. कापसाच्या व्यापाऱ्याच्या तीन वर्षांच्या वह्या त्यात असतात.

आता कोपऱ्यातलं मशीन. ते तू सगळ्यात आधी रिकामं करायला निघाली होतीस.

त्यात जुनी मराठी आहे. आमच्या वेळी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, अशी चार-पाच घराणी होती आणि सगळ्यांची रीत साधारण एकच. मशीनला मराठी येतच नव्हती. फाइलमध्ये साठायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांच्या अंगावर मराठी आकाराचे कपडे चढवायचा. आपल्या मशीनवरच्या फॉन्टमध्ये 'म' म्हणजे अधोरेषा, 'र' म्हणजे रोमन ए, काना म्हणजे रोमन एम. 'मामा' लिहिलं की पडद्यावर मामा दिसतो, पण फाइलमध्ये असतं अधोरेषा-एम-अधोरेषा-एम. पुढे युनिकोड आलं, त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा पट्टा मिळाला. विंडोज २०००सोबत र. कृ. जोशी यांनी केलेला मंगल फॉन्ट आला आणि 'म' हा खरोखरच 'म' म्हणून साठायला लागला. तू त्यानंतर जन्मलीस, म्हणून तुला हे भुताटकीसारखं वाटेल.

दुसरा गाढवपणा इथला. २०११ला मी हौसेने नवं मशीन घेतलं आणि जुन्यावरचा डीटीपीचा प्रोग्रॅम फॉन्टसकट अगदी मुळापासून काढला. तुला सांगितली तीच सगळी पायरी, शेवटच्या नोंदीपर्यंत. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. महिन्याभराने एक गुरुजी आले. त्यांच्या वडिलांच्या आठवणी मीच २००३ला टाइप करून दिल्या होत्या, छापायचे पैसे तेव्हा नव्हते. आता वडील गेले होते आणि वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायची होती. सीडी लावली, फाइल उघडली. पानभर अधोरेषा, कंस, डॉलरची चिन्हं आणि रोमन अक्षरांचा भुसा. गुरुजी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. म्हणाले, "आबा, हाई काय व्हयनं?"

प्रोग्रॅमची मूळ सीडी होती माझ्याकडे. पण तो प्रोग्रॅम लॉकशिवाय चालत नव्हता. लॉक म्हणजे प्रिंटरच्या २५ पिनांच्या जागी लावायचा अंगठ्याएवढा डबा, तो असला तरच सॉफ्टवेअर मालकाला ओळखायचं. नव्या मशीनला ती जागाच नव्हती. जुनं मशीन मी तोवर भंगारवाल्याला देऊन बसलो होतो. शेवटी दोंडाईच्याच्या एका छापखान्यातून त्याच जातीचं जुनं मशीन आणलं, तेच हे कोपऱ्यातलं. वर्षश्राद्ध मात्र पुस्तिकेविना झालं. गुरुजींनी मला एक शब्दही ऐकवला नाही, आणि म्हणूनच ते अजून डोक्यातून जात नाही.

त्यावर विंडोज एक्सपी आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार ८ एप्रिल २०१४ला काढला, म्हणून त्याला इंटरनेटची वायर कधी लावू नकोस. त्यातली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन अक्षरं बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आण. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, तेव्हा आधी जुन्या मशीनवरूनच एक कागदी प्रिंट काढ आणि ती शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघ. कंटाळवाणं काम आहे. दिवसाला पंधरा पानं झाली तरी खूप.

पुढच्या तीन मशिनांची अडचण उलटी आहे. तिथे लोकांचं नको तेवढं साठलंय. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१०ला दिला गेला, पंतप्रधान आले होते. तेव्हापासून आपल्या काउंटरवर जेवढी माणसं आली त्यातल्या निम्म्यांचं कार्ड डाउनलोड्समध्ये पडलेलं आहे. धडगावहून, तोरणमाळवरून दोन गाड्या बदलून आलेली माणसं. त्यांना डाउनलोड्स हा शब्द माहीत नाही, ती तुझ्या भरवशावर उठून जातात. आधारवाल्यांचीच सूचना आहे की सायबर कॅफेवर ई-आधार उतरवू नये, उतरवलं तर प्रत्येक प्रत कायमची पुसावी. मी हे नेमाने केलं नाही, आळस केला. तू रोज संध्याकाळी शटर ओढण्याआधी डाउनलोड्स, स्कॅनचं फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामं करत जा.

विंडोज १०चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा यातलं एखादं मशीन तू विकशीलच. विकताना नुसती सॉफ्टवेअर काढून देऊ नकोस. 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घे आणि ड्राइव्ह साफ करायचा जो पर्याय येतो तोही चालू कर. वेळ लागतो, रात्री लावून घरी जा. लाइट जाणार नाही एवढं बघ, इन्व्हर्टरची बॅटरी मी गेल्या महिन्यात बदलली आहे.

तुझ्या आईला सांग, सारंगखेड्याच्या यात्रेला यंदा मी येणार आहे, घोडे बघायला नाही तर निदान जिलबी खायला.

लॉक काउंटरच्या डाव्या खणात काडेपेटीत आहे, पेटीवर 'फेकू नये' लिहिलंय. कोपऱ्यातल्या मशीनवर एका शाळेची २००६ची स्मरणिका उतरवायची राहिली आहे, एकशेबारा पानं. ती झाली की मला बोलाव, मग ते मशीन दोघं मिळून बंद करू.

तुझे
आबा